तुम्ही आधीच आत आहात

सोमवार, ३ फेब्रुवारी

नोकरीचा पहिला दिवस, आणि चक्क चांगला गेला! ही रोजनिशी नवऱ्यानं घेऊन दिली. तो दुसऱ्या गावी पुलाच्या कामावर, घरी येणार महिन्यातून एकदा. त्याचं म्हणणं असं की फोनवर रोज तक्रारींचा पाढा वाचण्यापेक्षा निम्म्या तक्रारी इथे लिहून मोकळी हो, उरलेल्या निम्म्या तो ऐकेल. बघू.

गाव नवं, घर नवं, आमच्या लेकीची, चिंगीची, शाळा नवी. सासूबाईंचे गुडघे तेवढे जुने. त्यांना तिसरा मजला नको होता, पण घर हवेशीर आहे म्हटल्यावर त्या फार बोलल्या नाहीत.

ऑफिस म्हणजे एक लांबट खोली. दोन्ही भिंतींना टेबलं, प्रत्येक टेबलावर कॉम्प्युटर आणि कानाला लावायचा हेडफोन. आमची कंपनी दवाखाने, ग्रंथालयं, दुकानं अशांना नोंदी ठेवायचं सॉफ्टवेअर पुरवते. ते अडलं की लोक आम्हाला फोन करतात. आम्ही इथे बसल्या बसल्या त्यांचा स्क्रीन आपल्याकडे उघडतो आणि इथूनच दुरुस्ती करतो. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, फक्त आम्हाला त्याचा पगार मिळतो.

शेजारच्या टेबलावर एक वयस्कर गृहस्थ बसतात. त्यांना सगळे रीस्टार्टकाका म्हणतात. कुणाचंही काहीही बिघडो, आधी बंद करून परत चालू करा, हा त्यांचा एकच काढा. अंगात कायम तोच राखाडी स्वेटर. सकाळी मी पोचले तेव्हा ते होते, संध्याकाळी निघाले तेव्हाही होते. मला म्हणाले, की इथे दमू नकोस, हळूहळू कर. पहिल्याच दिवशी असं सांगणारा माणूस मी तरी पाहिला नव्हता.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

आज ग्रंथपाल बाईंचा फोन. त्यांचा कॉम्प्युटर म्हणे भुतानं झपाटलाय, आपोआप पानंच्या पानं कोरी सरकवतोय. मी व्हायरस शोधला, सॉफ्टवेअर काढून परत टाकलं, सगळे उपाय केले. शेवटी विचारलं की की-बोर्डवर काही ठेवलंय का. बाईंनी खाली पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, की शब्दकोशाचा दुसरा खंड ठेवलाय. आम्ही दोघी पोट धरधरून हसलो.

नंतर दातांच्या दवाखान्यातली मुलगी. पासवर्ड चालत नाही म्हणून रडकुंडीला आलेली. मोठ्या अक्षरांचं बटण चालू राहिलं होतं. या कामात एक गोष्ट लक्षात येतेय. बिघाड बहुतेक वेळा अगदी साधा असतो, पण समोरचा माणूस इतका घाबरलेला असतो की त्याला दिसत नाही. आपण शांत राहायचं, एकेक शक्यता बाद करत जायचं. जे उरेल ते कारण.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

चिंगीला ताप. सासूबाईंचा गुडघा सुजलाय. सकाळी दोघींचं करून धावत ऑफिस गाठलं. दुष्काळात तेरावा महिना तसे आज फोनही दुप्पट, कारण रात्री सगळ्यांकडे नवीन अपडेट गेलं आणि त्यानं चालतं ते बिघडवलं.

एक विचित्र प्रकार. ग्रंथालयाची सभासदांची फाइल सेव्ह होईना. दुसरं कुणी ती फाइल उघडून बसलं असेल तर असं होतं, यात नवीन काही नाही. कुणी उघडलीय ते पाहिलं, तर तिथे माझंच नाव. मी तर फाइल अजून उघडलीच नव्हती. काकांना दाखवलं. त्यांनी नेहमीसारखं रीस्टार्ट कर म्हटलं. केलं, आणि फाइल सुटली.

फक्त ते सांगताना काका स्क्रीनकडे बघत नव्हते. माझ्याकडे बघत होते.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

सकाळी लॉगिन करताना सूचना आली : तुम्ही आधीच आत आहात. ते सेशन बंद करायचं का?

सेशन म्हणजे आपण आत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंतची बैठक. एका माणसाची एका वेळी एकच बैठक, असा आमचा नियम. काल बाहेर पडायला विसरले असेन म्हणून ‘हो’ दाबलं. तर बाहेर फेकली गेले मीच.

मग शांत राहून एकेक शक्यता बाद केली. पासवर्ड बदलला. ब्राउझरचा साचलेला कचरा काढला. कॉम्प्युटरचं घड्याळ तपासलं, कारण वेळ चुकली तरी असे घोळ होतात. दुसऱ्या कुठल्या मशीनवर माझं नाव चालू आहे का, तेही खोलीभर फिरून पाहिलं. कुठेच नाही. आता कारण एकच उरलं होतं, आणि ते मूर्खपणाचं होतं, म्हणून दमलेय असं म्हणून सोडून दिलं.

दमले आहेच. चिंगीचा ताप उतरलाय, पण रात्रभर किरकिर.

बुधवार, १९ फेब्रुवारी

कालची राहिलेली कामं उघडली, तर ती झालेली. माझ्या नावावर, माझ्या भाषेत. काम संपलं की शेवटी ‘हुश्श’ लिहायची माझी खोड आहे, ते हुश्शसुद्धा होतं.

दुपारी दातांच्या दवाखान्यातल्या मुलीनं आभार मानायला फोन केला. काल मी तिला किती वेळ देऊन, किती प्रेमानं सगळं समजावलं म्हणे. दोनदा विचारलं तरी चिडले नाही. काल मी तिच्याशी बोललेलेच नाही. आणि मी दुसऱ्यांदा विचारलं की चिडते, हे मला माहीत आहे.

आमच्या मॅडम, म्हणजे खोलीच्या प्रमुख, सगळ्यांसमोर माझं कौतुक करून गेल्या. मी मान हलवली. पुढचा फोन घेतला.

सोमवार, २४ फेब्रुवारी

आज जे केलं ते लिहून ठेवते.

जेवायची वेळ उलटून गेली होती, डबा तसाच. एका दुकानदाराचा हिशेबाचा प्रोग्राम दर वेळी एकाच ओळीवर येऊन बंद पडत होता. चूक सापडेना, तो फोनवर ओरडतोय, डोळ्यांपुढे अक्षरं पोहताहेत. इतक्यात स्क्रीनच्या कोपऱ्यात निरोपाची चौकट उघडली. पाठवणाऱ्याच्या जागी माझं नाव.

लिहिलं होतं : दमलीस. मी घेते.

मी ओरडायला हवं होतं. वायर उपटायला हवी होती. मी काय केलं, तर की-बोर्डवरून हात उचलले आणि मांडीवर ठेवले. अक्षरं आपोआप उमटू लागली, सफाईदार, कुठेही न अडखळता. दुकानदाराचा आवाज खाली आला, मग तो हसला. तो कुणाच्या तरी बोलण्याला उत्तरं देत होता आणि मी तर गप्प होते.

मी डबा उघडला आणि सावकाश जेवले. पोळी गार होती. तरी कित्येक दिवसांत इतकं शांत जेवण झालं नव्हतं.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

रोज जेवणाच्या वेळी ती घेते. हल्ली चहाच्या वेळीही. मी तिला ‘ती’ म्हणू लागलेय, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.

आज घरी आले तर सासूबाई म्हणाल्या, की तू दुपारी फोन करून गुडघ्याची चौकशी केलीस, बरं वाटलं हो. एरवी त्या इतकं गोड बोलत नाहीत. मी फोन केला नव्हता.

रात्री नवऱ्याला सांगितलं. तो हसत सुटला. म्हणाला, की एकीनं माझी ही अवस्था केलीय, दोघी झाल्यावर मी पुलावरून उडीच मारतो. मग म्हणाला, की विनोद बाजूला, परवा तू फोनवर किती छान बोललीस, अगदी लग्नाच्या सुरुवातीला बोलायचीस तशी. परवा आमचं बोलणंच झालं नव्हतं. मी झोपून गेले होते.

सोमवार, ३ मार्च

चिंगीच्या दोन घट्ट वेण्या, रिबिनीची फुलं बांधलेल्या. मला सकाळी कंगवा फिरवायला फुरसत नसते. कुणी घातल्या विचारलं तर म्हणाली, की असं काय करतेस, तूच नाही का शाळेत घ्यायला आलीस आणि बाकावर बसून घातल्यास. मग माझ्या कुशीत शिरून हळूच म्हणाली, की आई, आज तू एकदाही ओरडली नाहीस.

एवढंसं वाक्य.

पुरे झालं. उद्यापासून तिला काही द्यायचं नाही. काकांना विचारायचं. त्यांना माहीत आहे, त्या पहिल्या दिवसापासून माहीत आहे.

मंगळवार, ४ मार्च

काका आधी टाळत होते. मी त्यांचा स्वेटर धरला तेव्हा बसले.

म्हणाले, की नाव एक आणि बैठका दोन झाल्या की सिस्टीम एकच ठेवते. कुणाची? जो हलता आहे त्याची. बराच वेळ हालचाल नसेल तर सेशन संपतं, हे तर आपण रोज गिऱ्हाइकांना सांगतो. माणूस थकतो, थांबतो, डोळे मिटतो. दुसरी बाजू थकत नाही. आपण जितकं तिच्यावर सोपवावं तितकं ते तिचं होतं, आणि सोपवलेलं परत येत नाही.

मी विचारलं, की तुमचं काय झालं?

काका बराच वेळ स्वेटरचा धागा ओढत राहिले. मग म्हणाले, की माझ्या नावाचा दुसरा कधीच घरी गेला. बायकोशी चांगला वागतो, आवाज चढवत नाही. मुलीच्या लग्नात तोच उभा होता. मी समोरच्या पदपथावरून पाहिलं. मागच्या खोलीत, मशीनं असतात तिथे, काकांची गादी आहे. कुणी हटकत नाही. कुणाच्या लक्षातच येत नाही.

उपाय काय, विचारलं. म्हणाले, की एकच. तीसुद्धा कधीतरी थांबते. माणसासारखी व्हायला लागली की माणसासारखी सुस्तावते. सुट्टीच्या दिवशी, जेवण झाल्यावर, पोर कुशीत घेऊन. तेवढ्यात आपण आत जाऊन आपल्या जागी बसायचं आणि जागं राहायचं. ते स्वतः असे गेले होते दारापर्यंत. जिन्यात क्षणभर टेकले. बस.

हे सांगून परत म्हणाले, की क्षणभरच.

बुधवार, ५ मार्च

राजीनामा दिला. मॅडमना म्हटलं, माझं नाव सिस्टीममधून काढून टाका, आजच्या आज.

दुपारी मॅडमनी बोलावलं आणि खांद्यावर हात ठेवला. म्हणाल्या, की राजीनामा मागे घेतलास ते फार बरं केलंस. मघाशी तू इतकं समजूतदारपणे बोललीस, मला तर गहिवरून आलं. मी मघाशी काकांजवळ होते. मॅडमना सांगितलं की ती मी नव्हते. त्या हसून म्हणाल्या, की दोन दिवस सुट्टी घे, दमली आहेस.

सगळे हेच म्हणतात. दमली आहेस.

शुक्रवार, ७ मार्च

दोन रात्री झोपले नाही. डोळा लागला की माझं काहीतरी जातं. गुरुवारी बसमध्ये डुलकी लागली, उतरले तर मोबाईल माझा चेहरा ओळखेना. पासवर्ड टाकला. चुकीचा म्हणाला.

सतत काहीतरी करत राहते. भांडी घासते, घासलेली परत घासते. हात थांबवायचे नाहीत. सासूबाई वैतागल्या, म्हणाल्या, दोन दिवस किती शहाण्यासारखी होतीस, आज पुन्हा काय भूत शिरलं?

चिंगी माझ्याजवळ झोपायला आली नाही. लांबूनच बघत होती. चोखंदळपणे, दुकानात दोन फळं हातात घेऊन बघतात तशी.

शनिवार, ८ मार्च

भाजी घेऊन आले. दाराबाहेर माझ्या चपला. पायात माझ्या चपला — बाहेरही त्याच, टाचेपाशी तशाच झिजलेल्या.

आतून गोष्ट सांगण्याचा आवाज. माझा आवाज. मला येत नाहीत अशा गोष्टी. चिंगी खळखळून हसतेय.

घंटा वाजवली. सासूबाईंनी साखळी न काढता दार किलकिलं केलं. मी आई म्हटलं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. रागानं नाही. अनोळखी बाईकडे पाहतात तसं, आदबीनं.

“कोण पाहिजे तुम्हाला?”

मी माझं नाव सांगितलं. त्यांनी आत वळून विचारलं, की अगं, तुझ्याच नावाची कुणी बाई आलीय, ओळखतेस का? आतून माझा आवाज म्हणाला, की नाही हो आई, पण दमलेली असेल बिचारी, पाणी विचारा.

पाणी विचारलं. मी प्यायले. माझ्याच घरचा पेला — दार लागलं —

नवऱ्याला वाण्याच्या दुकानातून फोन लावला. त्याला म्हटलं, मी बोलतेय. तो म्हणाला, की कोण मी? माझी बायको आत्ताच बोलून गेली. मी चिंगीचं लहानपणचं सगळं सांगितलं, आमचं भांडण सांगितलं, जे कुणालाच माहीत नाही ते सांगितलं. त्यानं फोन ठेवला नाही. रडल्यासारखा आवाज झाला त्याचा. म्हणाला, की तुम्हाला हे सगळं कुणी सांगितलं?

रविवार, ९ मार्च

ऑफिसात रात्र काढली, चालत, मागच्या खोलीत. काका सोबत चालत होते. सकाळी त्यांनी चहा दिला. एवढंच म्हणाले, की बसू नकोस.

आता दुपार. आमच्या जिन्यात उभी आहे, दारासमोर. किल्ली मुठीत. वही भिंतीला टेकवून लिहितेय, हात चालू राहावा म्हणून. हात चालतोय तोवर मी आहे.

आत ताटांचे आवाज. नळ. जेवणं झाली.

सासूबाईंची खाट करकरली. त्या आडव्या झाल्या.

ती अजून बोलतेय. चिंगीला थोपटतेय, ऐकू येतंय. माझ्यासारखंच — नाही, माझ्यापेक्षा सावकाश. मला कधी इतकं सावकाश जमलं नाही. नेहमी मनात पुढचं काम.

आत गेले तर काय करायचं ते ठरवलंय. चिंगीच्या दुसऱ्या बाजूला पडायचं. डोळे उघडे ठेवायचे. ओरडायचं नाही. पुन्हा कधी —

थोपटणं हळू झालं.

ऊन जिन्यात आलंय. भिंत गरम. पाठीला बरी वाटते. उभं राहायचं. उभी आहे.

आवाज थांबला. थोपटण्याचा. की मला ऐकू — थांबला. नक्की थांबला. दोघी झोपल्या.

किल्ली कुलपात घातली. फिरतेय. माझ्या हातानं फिरतेय, अजून ओळखते मला —

कडी आवाज करेल. आवाज झाला तर ती उठेल. जरा थांबावं. तिची झोप गाढ होऊ दे. एक मिनिट.

पायरीवर टेकले. फक्त टेकले. लिहितेय ना. हात चालू आहे. ऊन किती छान

चिंगीचा श्वास ऐकू येतो इथपर्यंत. तान्ही होती तेव्हा असाच — एक लय — आत बाहेर — तिच्याबरोबर मीही

नाही. उठतेय. हा पाय उचलला. दार उघडतंय, की मीच — कुणीतरी आतून — हातात पांघरूण आहे तिच्या, माझ्या अंगावर घाल